टीव्हीकडे पाठ करून बसलेली ताई

आमच्या घरात माणसं दोन आणि पडदे तीन. बाहेरच्या खोलीत टीव्ही, माझ्या हातात माझा फोन आणि आतल्या खोलीत यांचा फोन. कंपनीतून निवृत्त झाल्यापासून हे कानात इअरफोनची बोंडं घालून पलंगावर आडवे असतात. त्या फोनवर कुठले कुठले लोक विहिरी खणतात, जुने ट्रॅक्टर दुरुस्त करतात, समुद्रात गळ टाकून बसतात, आणि हे ते सगळं बघतात. जेवणाचं ताट मी आत नेऊन देते आणि थोड्या वेळाने रिकामं उचलून आणते. आमच्यात भांडण नाही, तंटा नाही. शेजारीण म्हणते, "तुझा नवरा किती शांत गो!" शांत आहे खरा. मी टीव्हीसमोर बसून जेवते.

बोलायला मला एकच माणूस होतं, माझी ताई. मुलगी लग्न होऊन लांब गेली, तिचा तिला व्याप आहे. ताईला रोह्याला दिलेली, मला पेणला. माहेर आमचं गागोद्याच्या बाजूला, पण आई-बाबा गेल्यावर तिकडे जायला कारण उरलं नाही. भाऊ नव्हताच. त्यामुळे माहेर म्हणून जे काही शिल्लक होतं ते रोज संध्याकाळी फोनवर भरायचं. आठची मालिका संपली की फोन वाजायचा. कधी ती करायची, कधी मी.

"बघितलास गो आजचा?" हे तिचं पहिलं वाक्य ठरलेलं.

बाहेरच्या कुणी ते बोलणं ऐकलं असतं तर म्हटलं असतं, दोन रिकामटेकड्या बायका टीव्हीतल्या माणसांना शिव्या घालतायत. घालायचोच आम्ही. पण त्यातली गोम आम्हा दोघींनाच ठाऊक होती, आणि ती आम्ही एकमेकींनाही कधी बोलून दाखवली नाही. आमच्या आईची शिकवण अशी, की घरातलं उणंदुणं ओठाबाहेर काढायचं नाही, सख्ख्या बहिणीजवळसुद्धा नाही. दिल्या घरी बाईने सुखीच असायचं. मग दुःख झालं की ते न्यायचं कुठे? आम्ही ते मालिकेतल्या बायकांच्या नावावर खपवायचो. भावोजी गेले तेव्हा ताई माझ्यासमोर एकदाही रडली नाही. तेराव्यालाही तिचे डोळे कोरडे होते. पुढे कधीतरी मालिकेतल्या थोरल्या सुनेचा नवरा अपघातात गेला आणि ताई फोनवर आठवडाभर रडली. "कसं व्हायचं गो तिचं आता? पोर अजून शिकतंय," असं म्हणत रडली. तिचा स्वतःचा मुलगा तेव्हा कॉलेजात होता. मी म्हटलं, "होईल गो तिचं. पोरगा हुशार हाय तिचा." आपण कुणाबद्दल बोलतोय हे दोघींना कळत होतं. निदान मला कळतंय असं मला वाटत होतं.

मालिका बदलत गेल्या, त्यातल्या सासवा-सुना बदलल्या, साड्यांची फॅशन बदलली, आमचं बोलणं तेच राहिलं. एका मालिकेत एक अबोल नवरा होता. ताई विचारायची, "तो तिच्याशी बोलत का नाय गो? मुका हाय का मेला?" मी म्हणायची, "असतो एकेकाचा स्वभाव." ती म्हणायची, "स्वभाव कसला? तिनं एकदा विचारावं ना त्याला." मला वाटायचं, भावोजींच्या आठवणीने बोलते बिचारी, तेही कमीच बोलायचे. मी तिची समजूत घालायची. फोन ठेवताना मला बरं वाटायचं, की बहिणीला आपला केवढा आधार आहे.

आता त्या बोलण्याची आठवण काढायलाही थकायला होतं. पण झालं काय ते सांगते.

माझा घरगुती पापडांचा धंदा आहे. पोह्याचे पापड, मिरगुंडं, उन्हाळ्यात कुरडया. जवळच्या जोहे गावातून दोघी जणी मदतीला येतात. त्यांची घरची माणसं गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतात. पूर्वी त्या कारखान्यात भिंतीवर उंच एक टीव्ही टांगलेला असायचा आणि सगळे मिळून एकच काहीतरी बघायचे, त्यावरून भांडायचेही. आता प्रत्येकाच्या रंगाच्या डब्याला त्याचा त्याचा फोन टेकवलेला असतो. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा तेवढा आपला फोन पालथा ठेवतो. बाकी सगळ्यांचे चालू.

या दोघींपैकी एक पीठ कुटता कुटता सकाळीच मला संध्याकाळचा भाग सांगून मोकळी व्हायची. "आज ती घर सोडणार हाय, काकी."

"तुला कसं कळलं? आठला लागते ना मालिका?"

"फोनवर आलंय की."

तो भाग टीव्हीच्या आधी ॲपवर येतो, आणि ॲपवर आला की कुणीतरी त्याचे तुकडे करून सोडून देतं. रडण्याचा तुकडा वेगळा, थोबाडीत मारण्याचा वेगळा. अख्खी मालिका बसून बघणारं कुणी राहिलं नाही, सगळ्यांना तुकडे पुरतात. संध्याकाळी मी टीव्ही लावायची तेव्हा सकाळची भाजी गरम करून वाढल्यासारखं वाटायचं. तरी मी बघायची. मालिका नाही बघितली तर ताईशी काय बोलणार?

ताईची सून शिकलेली. धाटावला एका कंपनीच्या ऑफिसात होती, ती नोकरी सुटली तेव्हापासून घरी बसलेली. एके दिवशी ताई नेहमीप्रमाणे टीव्हीसमोर बसून एका रडक्या नायिकेवर कावली होती. "अगो बाय, रडतेस काय? पदर खोच आणि घाल त्याच्या पेकाटात!" असं काहीतरी. सुनेने ते गंमत म्हणून फोनवर टिपलं आणि सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी ते माझ्या फोनवर तीन-चार जणींकडून आलं. पाठवणाऱ्या एकीलाही माहीत नव्हतं की ही माझी बहीण. मी हसले. मला ताईचा अभिमानही वाटला, खोटं कशाला बोलू?

तिथून ती गाडी थांबलीच नाही. सुनेने फोनवर ताईच्या नावाचं पान काढलं. ताई रोज एका मालिकेवर बोलायची आणि लोक मालिका सोडून ताईला बघायचे. रोह्याच्या बाजारातल्या साडीवाल्याने आधी एक साडी पाठवली, मग रोज एक नवीन पाठवायला लागला. मसालेवाले आले, तेलवाले आले, गुडघ्याला लावायच्या पट्ट्यावाले आले. शेवटी मालिका करणारेच आले. आमची नवी मालिका येतेय, तुमच्या आईंनी तिच्यावर बोलावं. खलनायिकेवर कितीही चिडावं, मालिकेवर चिडू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे टीव्हीसमोर माणसं बसवायला आता टीव्ही न बघणाऱ्यांच्या फोनवर माझी बहीण लागत होती.

सून मनाने चांगली आहे, तिला नावं ठेवायला मला जागा नाही. तिने आपणहून फोन केला. "मावशी, आईंच्या पुढ्यातल्या ताटलीत तुमचे पापड ठेवते. आई बोलता बोलता खातील. तुमचं पण पान काढून देते." तिने फोनवरच सगळं करून दिलं, पापडांचा फोटोही तिनेच निवडला. पंधरवड्यात अशा गावांहून मागण्या यायला लागल्या की ती गावं कुठे आहेत हे मला यांना विचारावं लागलं असतं, पण यांच्या कानात बोंडं. जोह्याच्या दोघींच्या चौघी झाल्या. गच्ची पुरेना, शेजारणीची गच्ची मागून घेतली. पार्सलं बांधून बांधून माझा उजवा खांदा संध्याकाळी वर होईना. धंदा म्हणतात तो असा येतो, एकदम, आणि तुम्हाला बसायला देत नाही. लोक म्हणायचे, नशीब काढलंत. मी म्हणायची, काढलं खरं.

फक्त आठनंतरचा फोन बंद पडला. त्या वेळेला तिकडे व्हिडिओचे दिवे लावून बसायचं असायचं. सुरुवातीला ताई नंतर करायची, दोन मिनिटं. मग म्हणायला लागली, "आज काय ते बोलले गो मी व्हिडिओत, बघितलास ना?" तिचं बोलून झालेलं असायचं. जे पूर्वी एकट्या माझ्याशी बोलायची ते आता सगळ्यांशी बोलायची, आणि एकदा सगळ्यांशी बोलून झालं की माझ्यासाठी वेगळं काही उरायचं नाही. मला त्याचा राग यायचा. बहिणीचं बरं झालेलं बघवत नाही का, असं मी स्वतःलाच विचारायची. बघवत होतं, पण माझं काय, हेही मनात यायचं.

मग ती घराची गोष्ट आली. मालिकेत एका आईला तिचा मुलगा गोड बोलून घराच्या कागदावर सही करायला लावत होता. त्यावर ताईने व्हिडिओ केला. त्यात ती ओरडली नाही. पुढे झुकून, हात जोडून म्हणाली, "सही करू नको गो. एकदा उंबरा सोडलास तर परत कोण आत घेत नाय. सही करू नको गो बाय." आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तो व्हिडिओ सगळीकडे गेला. पेणच्या बाजारात भाजीवाली मला मेथीची जुडी देता देता म्हणाली, "सही करू नको गो!" आणि खो खो हसली. पोरं एकमेकांना तसं म्हणायला लागली. परीक्षेला जाणाऱ्यांना, लग्न ठरलेल्यांना, सगळ्यांना तोच सल्ला.

मला हसू आलं नाही. कारण चारच दिवस आधी सुनेने पापडांसाठी फोन केला तेव्हा बोलता बोलता सांगितलं होतं, की तिचा नवरा, म्हणजे माझा भाचा, कंपनीची शिफ्ट सोडून आता पूर्ण वेळ व्हिडिओचंच काम बघणार, पनवेलला जागा बघून ठेवलीय, तिथून सगळं सोपं पडतं, रोह्याचं घर काढून टाकायचं चाललंय. मी दोन आणि दोन चार केले. ज्या भाषेत ताई आयुष्यभर माझ्याशी बोलली त्याच भाषेत ती मला सांगत होती, की मला वाचव. लाखो लोकांनी ते ऐकलं आणि हसून पुढे ढकललं. कळलं एकट्या मला. माझा जीव थाऱ्यावर राहीना. घर गेलं तर जावो, पण ताई तिच्या मनाविरुद्ध उचलून नेली जातेय आणि मी इथे पार्सलांना चिकटपट्टी लावत बसलेय, हे मला सहन होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पीठ भिजवायचं सोडून मी एसटी धरली. वडखळपर्यंत धूळ, पुढे नागोठण्यापर्यंत खड्डे. भिसे खिंडीत गाडी रडतखडत चढली. वाटेत मी भाच्याला काय काय बोलायचं ते मनात जुळवत होते. लहानपणी तुझं नाक मी पुसलंय, इथपासून सुरुवात होती.

घरात शिरले तर बाहेरची खोली ओळखू येईना. एक भिंत पिवळीधमक रंगवलेली. तिच्यावर मोठा टीव्ही, त्यावर मालिकेतलं एक चित्र थांबवून ठेवलेलं. टीव्हीच्या पुढे ताईची खुर्ची, आणि ताई टीव्हीकडे पाठ करून बसलेली. टीव्ही मागे दिसला पाहिजे ना, म्हणून. तिच्या समोर गोल दिव्यात फोन. सून तिला सांगत होती, आज तिकडे काय झालंय, कोण कुणाला काय बोललं. ताई मान हलवत ऐकत होती, स्वयंपाकाला आलेल्या बाईला आपण काय करायचं ते सांगतो आणि ती ऐकते, तशी. जी बाई जाहिरात लागली तरी जागची उठायची नाही, तिने मालिका बघायची सोडून दिली होती. तिला ती सांगितली जात होती.

भाचा चहा घेऊन आला. "मावशी? न कळवता?"

मी बसलेसुद्धा नाही. म्हटलं, "तुझी आई सही करणार नाय. हे घर तिच्या नवऱ्याने घामाने बांधलंय. तिला हितून कोण हलवतं ते मी बघते."

"कसली सही, मावशी?" त्याने कप खाली ठेवला आणि आईकडे वळला. "आई, तू काय बोललीस मावशीला?"

"मी काय नाय बोलले बाबा," ताई म्हणाली. "आमचं आठवड्यात बोलणंच नाय झालं."

"व्हिडिओत बोललीस," मी म्हटलं. "हात जोडून बोललीस. सगळ्यांनी थट्टेवारी नेलं, पण मला कळलं. मी तुझी बहीण हाय."

 मग सुनेला हसू फुटलं, आणि लगेच तिने जीभ चावली. ताईने चष्मा काढला, पदराने पुसला.

"अगो," ती म्हणाली, "ते व्हिडिओसाठी होतं. सही तर मी कवाच केली."

"पण तू रडत होतीस."

"रडू नाय आलं तर लोकं बघत नाय गो. आता येतं मला. पाहिजे तवा येतं."

मी खुर्ची ओढून बसले. भाच्याने माझ्या हातात चहा दिला. मी एवढं बोलूनही तो चिडला नाही, आणि त्यामुळे मला जास्तच लाज वाटली. त्याने सांगितलं, पनवेलच्या जागेत आईला वेगळी खोली आहे, खाली बाग आहे, दवाखाना जवळ आहे. ताईनेच म्हणे त्याच्यामागे लकडा लावला होता, की पावसाआधी हलूया. सून माझ्याजवळ येऊन बसली. "मावशी, रागावू नका, पण तुम्ही काय भांडलात हो! अगदी आईंसारख्या. तुम्ही दोघींनी एकत्र केलं तर? मालिका संपली की तुम्ही फोनवर बोलायचात ना, अगदी तसंच. इथे बसून."

ताईचा चेहरा उजळला. "ये ना गो," ती म्हणाली. "दोघी बसू. तू पेणची, मी रोह्याची. पापड पण तुझेच. आठवड्यातनं एकदा आलीस तरी पुरे."

आता वाटतं, ती विनवत होती. तेव्हा मला फक्त तो गोल दिवा दिसला.

"चारचौघांत मला नाय जमायचं," मी म्हटलं.

ताईने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. सुनेने विषय बदलला, मला जेवायला थांबवलं. वालाचं बिरडं होतं. मी दोन घास खाल्ले.

ताई मला स्टँडवर सोडायला आली. वाटेत दोन कॉलेजच्या मुलींनी तिला अडवलं, तिच्याबरोबर फोटो काढले आणि म्हणाल्या, आजी, ते वाक्य म्हणा ना. ताईने तिथल्या तिथे, रिक्षांच्या गर्दीत, हात जोडून म्हणून दाखवलं. मुली टाळ्या पिटत गेल्या. ताई हसत होती. भावोजी गेल्यापासून तिला असं हसताना मी बघितलं नव्हतं, हे मला तिथे उभं राहून कबूल करावं लागलं.

बाकावर बसल्यावर ती म्हणाली, "मला हितं काय हाय गो? दिवेलागण झाली की घर खायला उठायचं. आता लोकं हाक मारतात."

"मग मला कधी बोलली का नाहीस? इतकी वर्षं रोज बोलायचो."

"तुझ्यापुढं मी माझं काय रडायचं? मी तर तुझंच काढायचे."

"माझं? माझं काय?"

"तो मुका नवरा. ताट घेऊन एकटी बसणारी ती बाय." ताईने माझ्याकडे बघितलं. "तुला काय वाटलं, मी माझं बोलते? तुला विचारत होते मी गो. किती प्रकारांनी विचारलं. तू आपली म्हणायचीस, असतो एकेकाचा स्वभाव. मग माझा नाइलाज झाला."

पेणची गाडी लागली. मी चढले. खिडकी मिळाली, तिथून ताई दिसत होती, पण मला तिच्याकडे बघवेना. मला राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते सुचत नव्हतं. मी तिला आधार देतेय अशा समजुतीत इतकी वर्षं फोन ठेवून समाधानाने भांडी घासायला जायची. आधार ती मला देत होती. आणि मी प्रत्येक वेळी तिला वाटेला लावत होते. नागोठण्याला बाजूची बाई म्हणाली, "बरं नाय का वाटत? खिडकी उघडू का?" खिडकी उघडीच होती.

ती लोकं पावसाआधी पनवेलला गेली. मी शकुनाचे म्हणून पापड पाठवले, खांद्याचं निमित्त करून स्वतः गेले नाही. ती सहीवाली मालिकाही महिनाभरात गुंडाळली. टीव्हीवर बघणारे उरले नव्हते म्हणे, आणि ताईच्या व्हिडिओत बघणारे हिशेबात धरत नाहीत. तिच्या जागी दुसरी लागली. मी आठ वाजता टीव्ही लावायची, पण त्यातली माणसं माझ्या कुणीच लागत नव्हती. कोण कुणाची सून ते कळून मला ते सांगायचं कुणाला होतं?

परवा संध्याकाळी टीव्ही न लावताच जेवायला बसले. यांचं ताट आत देऊन आले होते. माझ्या ताटात वाढलं आणि खायची इच्छाच होईना. फोन उघडला तर ताई थेट दिसत होती. म्हणजे ती तिकडे बोलते ते त्याच क्षणी इकडे दिसतं, आणि लोक खाली लिहितात ते ती वाचून उत्तरं देते. तिने केस कापून घेतले होते. बरी दिसत होती. लोक साडीचं विचारत होते, गुडघ्यांचं विचारत होते, मालिकेतल्या सासूचं पुढे काय होणार ते विचारत होते. मी आजवर कधी तिथे लिहिलं नव्हतं. का कोण जाणे, लिहिलं. "जेवलीस का?" एवढंच. माझ्या फोनवर पापडांचं पान तेवढंच आहे, त्यामुळे ते पापडांच्या नावाने गेलं.

ताई चष्मा सारखा करून वाचत होती. माझ्या ओळीवर आली. "पेणचे घरगुती पापड विचारतायत, जेवलीस का." ती थांबली. मागून सुनेचा आवाज आला, आई, पापडांचं सांगा ना, ताजे आहेत, पत्ता खाली दिलाय. ताई म्हणाली, "हो, पापड आमच्या पेणचे, मी तेच खाते." मग तिने फोनकडे तोंड अगदी जवळ आणलं, एवढं की तिचं कपाळ पडद्याबाहेर गेलं. "जेवले हो. आणि तुम्ही जेवलात का? का ताट पुढ्यात घेऊन बसलाय एकट्याच? या पापडवाल्या बाई सगळ्यांना खायला घालतात, त्यांना कुणी विचारत नाय. विचारा हो कुणीतरी."

आणि लोकांनी विचारलं. कुठल्या कुठल्या गावांहून, ज्यांना मी ओळखत नाही, जे मला ओळखत नाहीत, ते सगळे एकाखाली एक लिहायला लागले. जेवलात का काकू. जेवलात का ताई. जेवा हो पापडवाल्या बाई. मध्येच कुणीतरी पावशेर मिरगुंडं मिळतील का विचारलं. मला ते वाचून संपवता येईना, अक्षरं ओली दिसायला लागली. ताई पुढच्या प्रश्नाकडे गेली होती. "नाय अजून," मी फोनला म्हटलं. तिला ते ऐकू जाणार नव्हतं.

माझं ताट तसंच ठेवून मी आत गेले. हे उताणे पडून कुठल्यातरी नदीवर पूल बांधताना बघत होते, पोटाजवळ ताट, अर्धं जेवलेलं. मी वाकून त्यांच्या कानातलं एक बोंड काढलं. ते दचकले. लग्नाला इतकी वर्षं झाली, असं मी कधी केलं नव्हतं.

"काय झालं?" ते म्हणाले. "लाइट गेली?"

"नाय. बाहेर येऊन जेवा," मी म्हटलं. "माझ्याबरोबर. मला एकटीला जेवण जात नाय."

 दुसऱ्या कानातलं बोंड त्यांनी स्वतः काढलं, फोन पालथा ठेवला आणि अंथरुणात चाचपडत चष्मा शोधायला लागले.